मोरीचे पाणी आणि अंगणातील हिरवळ

चऱ्होली बुद्रुक हे इंद्रायणीकाठचे गाव 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. पुढे शेतांच्या जागी घरे उठली, आणि दारापुढे हिरवळ असावी ही हौसही आली. हौस वाईट नव्हे. परंतु 2019 च्या नोव्हेंबरात याच शहरावर एक दिवसाआड पाणी घेण्याची पाळी आली, हे विसरून कसे चालेल?

हिशेबच पाहा. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. चैत्र-वैशाखात हिरवळीला रोज सुमारे 5 मिलिमीटर पाणी लागते. 10 फूट लांब, 10 फूट रुंद तुकडा सव्वानऊ चौरस मीटर भरतो. त्याला रोज 46 लिटर, म्हणजे तीन मोठ्या बादल्या!

उपाय स्वयंपाकघरातच आहे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी पातेल्यात धरावे व त्याच दिवशी झाडांना घालावे. साठवल्यास ते आंबते. मिठाचे पाणी मात्र नको. तेलकट भांडी आधी पुसून घ्यावीत आणि साबणाचे पाणी केळी-कर्दळीच्या आळ्यात सोडावे. कोथिंबीर-पालकावर ते घालू नये. साली व देठे पाचोळ्यासह कुजवली की खत होते. आळ्यांवर पाचोळा पसरला की ओल टिकते.

हिरवळ हवीच, तर बसण्यापुरती ठेवावी. उरलेल्या जागी मिरची, शेवगा, कढीलिंब लावावा. ज्या घरची मोरी परसाला पाणी पाजते, त्या घरी भर उन्हाळ्यातही फोडणीला ताजा कढीलिंब मिळतो.