डोंगराच्या पायऱ्या

जुन्नरहून शिवनेरी चढताना मुलांना एक गोष्ट पाहायला सांगा. उभा कडा, त्यावर उतार, पुन्हा कडा. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. ग्रॅनाइटचा डोंगर बहुधा असा नसतो. तो जमिनीखाली खोलवर सावकाश गोठलेला शिलारस. उघडा पडल्यावर त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि घुमट उरतो. आपला बेसाल्ट मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर थरांवर थर पसरलेल्या लाव्हाचा. घट्ट थराचा कडा होतो; सच्छिद्र थर लवकर झिजून उतार होतो.

या उतारांवर माती साचते. भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरातील कितीतरी वाड्या आणि भातखाचरे अशाच मातीवर आहेत. मुसळधार पावसात ही माती पाण्याने जड होते, कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि उतार घसरतो. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी असेच गाडले गेले. सुमारे दीडशे माणसे गेली.

म्हणून सहलीत कड्याइतकेच उताराकडेही पाहा. जमिनीला नवी भेग, कललेली झाडे, एकाएकी गढूळलेला झरा दिसला, तर तिथे थांबू नका. आणि खालच्या वाडीला सांगितल्याशिवाय परतू नका.