घाटातली जीप आणि ओळंबा

सावित्री आणि गांधारीच्या काठच्या महाडात पाणी किती चढते, हे 22 जुलै 2021 रोजी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. अशा मुलुखात आपली जुनी फोर-व्हील जीप चार बोटे उंच करून घ्यावी असे कुणाला वाटले, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. उंची वाढवणे सोपेच. कमानपाटे बदलले की जीप उठते. अवघड असते ते पुढचा ॲक्सल पुन्हा जागेवर आणणे.

मी पाहिलेला एक मिस्त्री हे काम गवंड्यासारखे करतो. सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यावरून ओळंबा सोडतो, खाली खडूने खुणा करतो आणि गाडी बाजूला ढकलतो. मग डावे अंतर, उजवे अंतर आणि शेवटी दोन्ही कर्ण. पायाचे कर्ण जुळले नाहीत तर घर वाकडे होते. इथे गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. फरक निघाला की तो आधी सेंटर बोल्ट पाहतो. पाटे एकत्र धरणाऱ्या या बोल्टचे डोके ॲक्सलवरच्या भोकात बसते. ते तुटले असेल तर यू-बोल्ट कितीही आवळा, ॲक्सल सरकतोच.

खरी पंचाईत वेगळीच. सायकलच्या चिमट्याला असतो तसा मागे कल जीपच्या किंगपिनलाही असतो. त्यामुळे वळण संपले की स्टिअरिंग आपोआप सरळ येते. उंची वाढवताना हा कल कमी झाला, तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून तो परत आणतात. पण त्याबरोबर डिफरन्शियलचे तोंड खाली वळते, वरून येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टशी कोन वाढतो आणि फोर-व्हील लावली की क्रॉस लवकर जातो. साध्या ट्रकला ही अडचण नाही; त्याचा पुढचा ॲक्सल नुसता ओझे वाहतो.

दोन्ही साधत नसेल, तर माझे मत स्टिअरिंगच्या बाजूने. क्रॉस बदलता येतो. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना वळणातून सरळ न येणारे स्टिअरिंग, मागे बसलेली माणसे आणि शेजारी दरी, हा हिशेब निराळा आहे. त्यापेक्षा दोन बोटांच्या उंचीवर समाधान मानावे. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 आहेच. आरटीओत आधी विचारलेले बरे.

नवे पाटे दबून बसतात, यू-बोल्ट सैल पडतात. म्हणून मिस्त्री थोडे दिवस चालवून गाडी परत आणायला सांगतो. बहुतेक जण येत नाहीत.