चालत्या वहीचे नूतनीकरण

उज्जैन स्थानकाच्या आरक्षणखिडकीवर प्रवासी मुंबईचे तिकीट मागतो, तेव्हा त्याचे नाव ज्या वहीत चढते ती वही उज्जैनीत नसते. आरक्षणाची प्रमुख यंत्रकेंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथे स्थापन झाली. आमच्या गावचा कारकून दूरच्या वहीत लिहीत असतो, आणि त्याच क्षणी इतर असंख्य हातही तीत लिहीत असतात. या वहीस डेटाबेस म्हणतात व ती सांभाळणाऱ्या यंत्रास सर्व्हर. लिहिणारे हात थांबले नसता वहीच बदलावयाची कशी, हा प्रश्न यांत्रिक खरा. पण हिशेबाचा खरेपणाही त्यात पणास लागलेला असतो.

सन २०२१ च्या नोव्हेंबरात रेल्वेने सरळ मार्ग पत्करला. महामारीच्या काळात 'विशेष' म्हणून धावणाऱ्या गाड्यांचे शून्याने आरंभ होणारे क्रमांक जाऊन पूर्वीचे नित्य क्रमांक यावयाचे होते, आणि पुढील तारखांची तिकिटे तर विकली गेली होती. म्हणून १४ नोव्हेंबरच्या रात्रीपासून सात रात्री, ११.३० ते पहाटे ५.३० पर्यंत, आरक्षण व रद्दीकरण बंद ठेवण्यात आले. यात आम्हांस कमीपणा दिसत नाही. अर्धी तिकिटे जुन्या क्रमांकावर व अर्धी नव्यावर असताना विक्री चालू राहिली असती, तर कोणाचे आसन कोणत्या गाडीत, हे सांगणे अवघड झाले असते.

परंतु दरवेळी खिडकी मिटणे परवडत नाही. बँकांची एनईएफटी व्यवस्था १६ डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र चालते. तीही सुधारणेसाठी २३ मे २०२१ रोजी, रविवारी, मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत थांबवावी लागली होती. न थांबण्याची युक्ती कोणती, ते जुन्या पेढीवरील रोजकीर्द व खतावणी पाहिलेल्यांस चटकन उमगेल. व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहावयाचा, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती न्यावयाचा. सर्व्हरही प्रत्येक फेरफार आधी अशा रोजकीर्दीत टिपून ठेवतो. आता शेजारी नव्या आवृत्तीचे दुसरे यंत्र उभे करावे, एका ठरावीक क्षणीची संपूर्ण खतावणी त्यावर उतरवावी, आणि त्या क्षणापुढील रोजकीर्द त्यास क्रमाने वाचून दाखवावी. उतरविण्यास काही तास लागोत, मूळ यंत्राचे काम चालूच असते. पुढे मागे पडलेले यंत्र हळूहळू बरोबरीस येते. पोस्टग्रेस नावाच्या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये, भिन्न आवृत्तींच्या यंत्रांत असा संवाद घडविण्याची सोय सन २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून अंगभूत झाली.

खरा कसोटीचा प्रसंग कारभार सोपविण्याचा. जुन्या यंत्राने नवे लेखन घेणे थांबवावे, शेवटची नोंद नव्यापर्यंत पोहोचली याची खात्री करावी, आणि मगच सर्व खिडक्यांची तोंडे नव्याकडे वळवावी. यास काही क्षण लागतात. तेवढा वेळ मागणी करणारा ताटकळतो, मात्र परत पाठविला जात नाही. 'क्षणभरही न थांबता' हे वर्णन म्हणून थोडे फुगविलेलेच. या क्षणी दोन्ही यंत्रे स्वतःस कारभारी समजू लागली, तर एकच आसन दोघांस विकले जाते. आणखी एक बारकावा आम्हां शाळामास्तरांस विशेष जवळचा वाटतो. दहाव्या आवृत्तीच्या त्या सोयीत नोंदी जात, परंतु 'पुढचा अनुक्रमांक कोणता' ही आठवण जात नसे. ती हाताने लावून द्यावी लागे. ती विसरली, तर नवे यंत्र आधीच दिलेला क्रमांक पुन्हा देऊ पाहणार. शाळेच्या नोंदणीपुस्तकात एकाच क्रमांकाची दोन मुले आली म्हणजे काय घोटाळा होतो, हे आम्ही जाणतो.

यंत्र न बदलता वहीचा केवळ एक रकाना बदलावयाचा असेल, तर पद्धत निराळी. जुना रकाना तसाच ठेवून शेजारी नवा आखावा. काही काळ दोहोंत लिहावे. मागील नोंदी थोड्या थोड्या करून भराव्या. वाचणारे सर्व नव्याकडे वळल्यावरच जुना पुसावा. नुसता रकाना वाढविणे बहुधा निर्धोक असते. जोखीम पुसण्यात आहे, कारण एखादा विसरलेला कारकून अजून तेथेच पाहत असतो.

यंत्र बदलल्यावर सावध माणसे जुन्यास लगेच निरोप देत नाहीत. आता तेच नव्याची रोजकीर्द वाचत मागून चालते, म्हणजे दोष निघाल्यास मधल्या नोंदी न गमावता परतता येते. ते बंद केले की ही वाट मिटते.