शीतयंत्र आणि दवबिंदू
संगणकाचा प्रोसेसर नेमून दिलेल्या गतीपेक्षा वेगाने चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्यासाठी व्होल्टेज वाढविले की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून हौशी मंडळी जुन्या विंडो एसीपासून घरीच चिलर तयार करतात. कॉम्प्रेसरने दाबलेला वायू कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून द्रव होतो. पुढे दाब उतरताच त्याचे बाष्पीभवन होऊन पाणी गार होते. तेच पाणी प्रोसेसरवरील ठोकळ्यातून फिरते.

मात्र खोलीत ३० अंश तापमान व ७० टक्के आर्द्रता असल्यास सुमारे २४ अंशांखालील नळीवर दव साचते आणि मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. नळ्यांना फोमचे वेष्टन हवेच. नव्या फ्रीजमधील आर-६००ए वायू तर ज्वालाग्राही! त्याची नळी कापण्याचे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.