छोट्या आगगाड्या : ठेवाव्यात की विकाव्यात?

आजोबांनी हौसेने जमविलेल्या विजेच्या छोट्या आगगाड्या आमच्या निजामपुऱ्यातील घरी पेटीत पडून आहेत. त्या ठेवाव्यात की विकाव्यात?

बडोद्याच्या राजमहालातून राजपुत्रांना शाळेत नेणाऱ्या छोट्या गाडीचे इंजिन महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जपलेले आहे. पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांनी आपला छोट्या रेल्वेचा संग्रह १९९८ साली कोथरूडला सर्वांसाठी खुला केला. संग्रह टिकतो तो पाहणाऱ्यांमुळे, हेच यावरून दिसते.

शिवाय या गाड्यांना वीज रुळांतून मिळते. रुळांवर मळ साचला, की चाकांपर्यंत वीज पोहोचत नाही. म्हणून ज्या गाड्या आम्ही नियमाने पुसू व चालवू, त्याच ठेवाव्यात; बाकीच्या, किंमत थोडी कमी आली तरी, त्या चालविणाऱ्या हौशी माणसाला द्याव्यात, असे आम्ही ठरविले. आजोबांचे पहिले इंजिन मात्र विकावयाचे नाही.