आधी वही, मग पिल्लू

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या घरी दोन वह्यांची पूजा होते. एक घरखर्चाची, ती आमच्या आईच्या वेळेपासून चालत आली आहे. दुसरी लहानशी, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यावर सौ.ने ठसठशीत अक्षरांत 'ठमी' असे लिहिले आहे. ठमी ही आमची लॅब्राडॉर कुत्री. वय वर्षे तीन, वजन एकोणतीस किलो. दिवाळीला येणारे पाहुणे ती वही पाहून हसतात. "काय हो, कुत्र्याचासुद्धा जमाखर्च?" असे विचारतात. तेव्हा आम्ही त्यांना वहीचे पहिले पान उघडून दाखवतो. त्या पानावर ठमीचे नाव नाही. तेथे भीमाचा हिशेब आहे, आणि तो अवघ्या नऊ दिवसांचा आहे.

भीम आमच्या घरी २०२१ च्या श्रावणात आला. टाळेबंदीच्या दिवसांत मुले घरात कोंडून कंटाळली होती. आजूबाजूला ज्याच्या त्याच्या घरी पिल्लू येत होते. चिरंजीवांनी आणि कन्येने हट्ट धरला आणि आम्हीही फार काळ नाही म्हणालो नाही. फोनवर फोटो आले. "पंचेचाळीस दिवसांचे आहे साहेब, डबल बोन आहे, पंजे बघा केवढाले! कागदाविना आठ हजार, कागदासह पंधरा." भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आम्ही येथे मात्र एकही प्रश्न विचारला नाही. एका पेट्रोल पंपाजवळ एका माणसाने मोटारीतून टोपली काढून दिली. "आई कुठे आहे याची?" असे सौ.ने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ती गावाकडे असते." आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही.

चौथ्या दिवशी पिल्लाने दूध ओकून टाकले. पाचव्या दिवशी रक्ताची हगवण लागली. डॉक्टरांनी पार्व्होचे निदान केले, दात पाहिले आणि म्हणाले, "हे जेमतेम पाच आठवड्यांचे आहे. याची आई पाहिली होती का तुम्ही?" आम्ही मान खाली घातली. सलाईन झाले, इंजेक्शने झाली. नवव्या दिवशी पहाटे भीम गेला. वहीच्या पानावर ओळी आहेत त्या अशा: पिल्लू ८,०००. दवाखाना २१,५००. टोपली १५०. कन्या तेव्हा आठ वर्षांची होती. तिने त्याखाली पेन्सिलीने एक पंजा काढून ठेवला आहे. तो आम्ही पुसला नाही.

खर्चाची खरी बाजू

पार्व्होचे विषाणू घरात महिनोन्‌महिने तग धरून राहतात. म्हणून डॉक्टरांनी फरशी ब्लीचच्या पाण्याने धुवून घ्यायला सांगितली आणि काही महिने नवे पिल्लू आणू नका अशी ताकीद दिली. ही सक्तीची विश्रांती आमच्या पथ्यावर पडली. त्या काळात सौ.ने निळी वही हाती घेतली, दोन-तीन कुत्रेवाल्या घरी चौकशी केली आणि मोठ्या जातीच्या पिल्लाच्या पहिल्या वर्षाचा अंदाज मांडला. पुण्यातला आमचा अनुभव त्यात घालून तो येथे देत आहे. शहरागणिक आकडे थोडे मागेपुढे होतील. मेळ मात्र साधारण असाच राहील.

पिल्लाची किंमत: ३५,०००
बिछाना, पिंजरा, भांडी, पट्टा, दोरी: ८,०००
लसी, जंताची औषधे, डॉक्टरांची फी: ९,०००
खाणे: ४८,०००
गोचीड-पिसवांचे औषध: ९,६००
शिकवणी: १०,०००
आपण गावाला गेल्यावर सांभाळणावळ: ८,०००
आजारपणासाठी शिल्लक: २४,०००
एकूण: १,५१,६००

पाहा, जिच्यावरून आपण एवढी घासाघीस करतो ती पिल्लाची किंमत पहिल्याच वर्षी एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्शाहून कमी भरते. पुढे दरसाल एक लाख सात हजारांच्या आसपास खर्च येतो. लॅब्राडॉर साधारण दहा-बारा वर्षे जगतो. म्हणजे आपण पस्तीस हजारांची नव्हे, बारा लाखांची जबाबदारी घरी आणतो. येथे पाच-दहा हजार वाचवण्यासाठी संशयाचे पिल्लू घेणे म्हणजे पाया कच्चा ठेवून रंगाचा डबा भारीतला आणण्यासारखे आहे.

मोठ्या कुत्र्याचा खर्च मोठा असतो याचे कारण नुसती त्याची भूक नव्हे. औषधाची मात्रा वजनावर ठरते. भूल वजनावर ठरते. गोचिडीची गोळी वजनावर ठरते. सांभाळगृहवालेसुद्धा आकार पाहून दर सांगतात. ग्रेट डेन पन्नास किलोंच्या पुढे जातो. त्याचे सारे आकडे त्या बेताने वाढवावेत, आणि तो बहुधा सात ते दहा वर्षेच साथ देतो हेही मनाशी धरावे. सेंट बर्नार्ड हा आल्प्सच्या बर्फातला प्राणी. त्याला नागपूरच्या मे महिन्यात ठेवायचे तर वातानुकूलनाचे बिलही वहीत लिहावे लागेल. आमच्या मते तो विचारच सोडावा.

आजारपणाच्या शिल्लकेवर कोणी काट मारू नये. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचे पोट कधीकधी एकाएकी फुगते आणि त्याला पीळ पडतो. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रे दगावते. अशा वेळी रात्री दोन वाजता पैशांची जुळवाजुळव करत बसता येत नाही. कुत्र्यांचा विमाही आता मिळतो. पण त्याच्या अटी चष्मा लावून वाचाव्यात.

सौ.ने यावर एक युक्ती काढली, आणि ती आम्ही आता सर्वांना सांगतो. पिल्लू आणण्याआधी सहा महिने, दर महिन्याला नऊ हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे. जणू कुत्रे घरात आहेच. महिनाअखेरीस ओढाताण झाली नाही, मुलांची फी थकली नाही, तर आपल्या घराला मोठे कुत्रे पेलते. सहा महिन्यांत चोपन्न हजार जमतात. त्यातून पिल्लू आणि त्याचे सामान येऊन वर अकरा हजार उरतात. आणि ओढाताण झालीच, तर कुणाचेही नुकसान न होता उत्तर मिळाले. मग लहान चणीचे कुत्रे पाहावे, किंवा रस्त्यावरच्या एखाद्या देशी पिल्लाला घर द्यावे. आपल्या हवेला ते सरावलेले असते, आणि मायेत ते कुठल्याच जातीला हार जात नाही.

खाण तशी माती

पैसे जमत असताना आम्ही ब्रीडरचा शोध घेत होतो. या बाबतीत २०१७ साली केंद्र सरकारने नियम केले आहेत, हे आम्हांला भीम गेल्यावर कळले. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत तिची पैदास करायची नाही. वर्षातून एकापेक्षा अधिक वेत घ्यायचे नाही, आणि उभ्या आयुष्यात पाचांहून अधिक नाही. म्हणजे 'पंचेचाळीस दिवसांचे' ही जाहिरात करणाराच आपल्या तोंडाने नियमभंग कबूल करतो! आठ आठवड्यांची ही मर्यादा उगाच घातलेली नाही. आईच्या आणि भावंडांच्या सहवासात पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकते. ते शिक्षण पुढे माणसाला देणे अवघड जाते.

दुसरी गोष्ट कागदाची. केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला म्हणजे पिल्लाच्या कुळाची नोंद. आईबाप कोण, आजा-आजी कोण, हे त्यावरून कळते. त्यांचे सांधे कसे आहेत, हे कळत नाही. मोठ्या जातींचा मोठा शाप खुब्याच्या सांध्याचा आहे. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात हा सांधा सैल राहण्याचा दोष आढळतो. तो पुष्कळसा आनुवंशिक असतो. पिल्लू गोजिरवाणे दिसते, आणि वर्षभराने जिना चढताना कण्हू लागते. त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च पिल्लाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. म्हणून आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे का, हे विचारावे, आणि अहवाल हाती घेऊन पाहावा. पक्का निर्वाळा कुत्रे दोन वर्षांचे झाल्यावरच मिळतो. त्यामुळे नियमाने अठरा महिने चालत असले तरी चांगला ब्रीडर दोन वर्षे थांबतो. आईबापांचे सांधे उत्तम असले तरी पिल्लाची हमी कुणी देऊ शकत नाही. धोका मात्र बराच कमी होतो.

आणि 'कागदासह' व 'कागदाविना' असे दोन भाव सांगणारा भेटला, तर नमस्कार करून परत फिरावे. ज्याच्याकडे खरी नोंद आहे तो ती लपवील कशाला?

परीक्षा आमचीच झाली

डॉक्टरांच्या ओळखीने आम्हांला शहराबाहेर राहणाऱ्या एका बाई सापडल्या. पूर्वी शाळेत शिकवत असत. घरात लॅब्राडॉरच्या दोनच माद्या, दोघींची नावे नोंदलेली. पिल्लू तयार नव्हतेच. "पुढच्या उन्हाळ्यात एक वेत होईल. तोवर थांबायची तयारी असेल तर या," असे त्यांनी फोनवर सांगितले. आम्ही गेलो, तो चहाच्या आधी प्रश्न आले. दिवसभर घरी कोण असते? जिना की लिफ्ट? पिल्लू वर्षाचे होईपर्यंत तीन मजले चढ-उतार करायला लावणार नाही ना? आधीचे कुत्रे होते का, ते कशाने गेले? पगार किती हे तेवढे विचारले नाही. पण आजारपणासाठी बाजूला काय ठेवले आहे, ते विचारले. मुलीच्या लग्नात वरपक्षाची इतकी चौकशी आमच्या सासऱ्यांनीसुद्धा केली नव्हती.

सौ.ने निळी वही पुढे केली. बाईंनी ती शेवटपर्यंत वाचली. भीमाच्या पानावर थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "त्याची आई असेल ना कुठल्या तरी पिंजऱ्यात. पुढच्या वेताला लावली असेल तिला." आम्ही भीमासाठी रडलो होतो, त्या आईचा विचार आमच्या मनात तोवर आला नव्हता. आम्ही मोजलेल्या आठ हजारांनीच तिचे पुढचे वेत ठरले असणार.

मग त्यांनी आपली मादी आणून दाखवली. अंगावर तकाकी, डोळे स्वच्छ, अनोळखी माणसांना पाहून शेपूट हलवणारी. तिची निजायची जागा पाहिली. तेथे वास नव्हता. क्ष-किरणांचे अहवाल पाहिले. कराराचा कागद पाहिला, त्यात एक कलम होते: कोणत्याही कारणाने, कोणत्याही वयात कुत्रे सांभाळता आले नाही, तर ते दुसऱ्याला न देता त्यांच्याकडे परत आणायचे. आमच्या मते चांगल्या ब्रीडरची याहून मोठी खूण नाही. ज्याला पिल्लू परत यायची भीती वाटत नाही, त्याने ते नीट वाढवलेले असते.

ठमी आली ती नऊ आठवड्यांची होऊन. एक लस घेतलेली, कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली. डॉक्टरांनी यंत्राने चिपचा आकडा वाचला आणि तो कागदाशी ताडून पाहिला.

लाडाचे अपचन

एक चूक मात्र आम्ही ठमीच्या वेळीही करणार होतो. मोठ्या जातीचे पिल्लू म्हणून आमच्या आईने कॅल्शियमचे औषध आणि दोन वेळचे तूप-पोळी सुरू करण्याचा बेत केला होता. डॉक्टरांनी हात जोडले. मोठ्या पिल्लाची हाडे सावकाश वाढली पाहिजेत. वरून दिलेले कॅल्शियम आणि फाजील खाणे सांध्यांना बाधते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी वेगळे खाद्य मिळते. त्यात हे प्रमाण सांभाळलेले असते. घरचे अन्न द्यायचे तर तेही डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडॉर कुत्र्यांवर पिल्लूपणापासून शेवटपर्यंत चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. भावंडांच्या जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न देत होते. कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली, आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. हे ऐकल्यापासून आमच्या आई ठमीसाठी खाद्य वाटीने मोजून घालतात. वाटी मात्र स्वतः धरतात.

आता दिवाळी तोंडावर आली आहे, आणि काही घरांत मुलांनी पिल्लाची मागणी केलीच असेल. त्यांना नाही म्हणू नका. पण दिवाळीत आणू नका. फटाक्यांच्या धडाक्यात नव्या घरी आलेले पिल्लू आयुष्यभराची धास्ती घेते. शिवाय फराळाचे ताट जमिनीवर असते, आणि लाडवातले बेदाणे किंवा भेटीदाखल आलेले चॉकलेट कुत्र्याला विषासारखे बाधते. पाडव्याला मुलांच्या हाती एक कोरी वही द्या आणि त्यांनाच पहिला आकडा लिहू द्या. पुढच्या पाडव्यापर्यंत बरीच पाने भरतील, आणि एखाद्या आईच्या कुशीतले पिल्लू तुमच्यासाठी आठ आठवड्यांचे होत असेल.

आमच्या वहीत या महिन्याची शेवटची ओळ कन्येच्या अक्षरातली आहे: 'ठमीसाठी खिडकीला जाड पडदा, फटाके ऐकू येऊ नयेत म्हणून. १,४००.' खर्च आमच्या अंदाजपत्रकात बसत नव्हता. मंजूर केला.