डेडस्टॉक रजिस्टरचा पहारा

शंभरपटीची ऑइल इमर्शन लेन्स सूक्ष्मदर्शकातून काढायला हत्यार लागत नाही. दोन बोटांनी पाच-सहा वेढे फिरवले की ती हातात येते आणि खिशात मावते. तिच्या आट्यांचा 20.32 मिलिमीटर व्यास लंडनच्या रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीने एकोणिसाव्या शतकातच प्रमाण ठरवला. त्यामुळे एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या सूक्ष्मदर्शकावरही बसू शकते. संशोधकांची ही सोय चोराच्याही पथ्यावर पडते.

सामायिक प्रयोगशाळेत चार विभागांचे विद्यार्थी वावरतात, रात्री उशिरापर्यंत प्रयोग चालतात, बाहेरची माणसं नमुने घेऊन येतात. इथे कुलूप तुटत नाही. वस्तू दिसेनाशी झाली की शेजारच्या गटाने नेली असेल असं प्रत्येकाला वाटतं आणि शोध सुरू व्हायला महिने लोटतात.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी यावर फार पूर्वीपासून एक साधन वापरलं आहे: डेडस्टॉक रजिस्टर. खरेदीची तारीख, पुरवठादार, बिल क्रमांक, नग, किंमत, शेरा आणि सही. रजिस्टरातला क्रमांक यंत्राच्या पाठीवर ऑइलपेंटने लिहिलेला. केंद्र सरकारच्या 2017च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला नियम 213 अशा वस्तूंची वर्षातून किमान एकदा पडताळणी करायला सांगतो.

पण रजिस्टरात ‘सूक्ष्मदर्शक, 1 नग’ एवढंच असेल, तर लेन्स गेली तरी पडताळणीत टिक होते. खरी गळती इथे आहे.

प्लॅटिनमच्या क्रुसिबलबाबत रसायनशास्त्रज्ञ अधिक सावध असतात. मुठीत मावणारं हे भांडं वितळवलं की त्यावरचा क्रमांक संपतो, किंमत मात्र तशीच राहते. म्हणून ते कपाटातून देताना तोलतात, परत घेताना पुन्हा तोलतात आणि दोन्ही वजनं सहीनिशी लिहितात. वापराने होणारी किरकोळ झीजही त्यात दिसते. देणारा आणि घेणारा दोघेही बांधले जातात. कॅमेऱ्याने हे काम होत नाही, कारण यंत्र नेणारा माणूस बहुधा ओळखीचाच असतो आणि त्याच्या हातातली पेटी पाहून कुणाला संशय येत नाही. संगणकाच्या खाचेत अडकवलेली पोलादी तारही चोराला थोडा वेळ अडवते, एवढंच.

नोंद सुटली की काय होतं, ते दिल्ली विद्यापीठात दिसलं. रसायनशास्त्र विभागातलं कोबाल्ट-60चं विकिरण यंत्र 1985पासून पडून होतं. फेब्रुवारी 2010मध्ये ते भंगार म्हणून लिलावात गेलं आणि मायापुरीत फोडलं गेलं. किरणोत्सर्गाने एका कामगाराचा जीव गेला. ही चोरी नव्हती. यंत्रात काय आहे हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी कुणाकडेच उरली नव्हती, आणि चोरालाही नेमकी अशीच प्रयोगशाळा हवी असते.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांनी येत्या पडताळणीत प्रत्येक लेन्स, प्रत्येक डिटेक्टर, प्रत्येक क्रुसिबल वेगळ्या ओळीत लिहावं आणि त्या ओळीपुढे एका माणसाचं नाव घालावं. या कामाला लागतो एक दिवस आणि एक रजिस्टर.